दुसरं गिऱ्हाईक

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलतंच काही सांगत सुटलो तर तुला धरता येईल. कॉलेजातल्या वादात अर्धी मुलं म्हणाली, १९९१ नंतर बाजार मोकळा झाला, वाढीचा दर चढला आणि म्हणून गरिबी घटली. बाकीची म्हणाली, याच मोकळ्या बाजाराने विदर्भातला कास्तकार संपवला. तुला दोन्ही पटत होतं आणि दोन्ही खटकत होतं, म्हणून तू गप्प राहिलीस आणि रात्री मला लिहिलंस: "काका, तुम्ही अन् बाबांनी जन्मभर कर्जं वाटली. बाजाराने आणि वाढीने माणूस सुखी होतो की नाही, एवढं सांगा."

मी १९८३ मध्ये बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागलो. पांढरकवडा, काटोल, मग नागपूर. २०१९ मध्ये निवृत्त झालो. अर्थशास्त्राची पुस्तकं उशिरा वाचली, आधी सातबारे वाचले. त्यामुळे माझं उत्तर पांढरकवड्यापासूनच सुरू होणार.

तुझ्या वयाच्या मुलांना हे सांगूनही खरं वाटत नाही, पण महाराष्ट्रात एकेकाळी कास्तकाराला स्वतःचा कापूस मनाला येईल त्याला विकायची मुभा नव्हती. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासून एकाधिकार खरेदी. कापूस द्यायचा तो सरकारच्या वतीने खरेदी करणाऱ्या पणन महासंघालाच. हेतू वाईट नव्हता. त्याआधी व्यापारी काट्यात मारायचा, भावात मारायचा, आणि माल बाजारात आला की सगळे मिळून भाव पाडायचे. हमीभाव पडत्या वर्षांत कामीही आला, हे मी नाकारणार नाही. पण केंद्रावर बैलबंड्यांची रांग लागायची, दोन-दोन रात्री थंडीत. ग्रेडरने मूठभर कापूस हातात घेऊन जी प्रत सांगितली तीच प्रत. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, कधी आठवड्याने, कधी दोन महिन्यांनी. मार्चमध्ये मी वसुलीला फिरायचो तर घरोघरी एकच उत्तर: "चुकारा नाई आला साहेब."

पांढरकवड्याहून आदिलाबाद जवळ. पैनगंगा ओलांडली की तेव्हाचा आंध्र प्रदेश. पलीकडे भाव चढा असला की रात्री बंड्या निघायच्या, आणि स्वतःच्या शेतातला कापूस नेणारा माणूस कायद्याने तस्कर ठरायचा. एकदा नाक्यावर अडवलेला एक म्हातारा मला पाहून म्हणाला, "कापूस माहा, बंडी माही, बैल माहे. मंग चोर मी कसा?" मी बँकेचा माणूस, काय बोलणार? कधी उलटंही व्हायचं. इकडचा हमीभाव वर असला की तिकडचा कापूस गुपचूप इकडे यायचा आणि तोटा महाराष्ट्राच्या तिजोरीवर चढायचा. शरद जोशींची शेतकरी संघटना 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत होती तेव्हा आमच्या शाखेत त्याची टिंगल चालायची. टिंगल करणाऱ्यांत मीही होतो. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदी खुली झाली आणि ती योजना विरत गेली.

बाजाराकडून माणसाला नेमकं काय मिळतं ते मला त्या नाक्यावर कळलं. दुसरं गिऱ्हाईक मिळतं. दुसरं गिऱ्हाईक असलं की पहिल्याला "नाही देत, जा" म्हणता येतं, आणि मग पहिलंही नीट बोलायला लागतं. भाव पाच-पन्नास रुपयांनी वर-खाली झाला तरी हे 'जा' म्हणता येणं माणसाच्या चालण्या-बोलण्यात दिसतं. पुढे जे लिहितो आहे ते सगळं याच कसोटीवर घासून पाहा.

आता १९९१. तुझ्या मित्रांना एक विचार: ज्या पंतप्रधानाने लायसन्सराज मोडलं, तो त्याआधी लोकसभेवर कुठून निवडून गेला होता? रामटेकहून, १९८४ ला आणि १९८९ ला. नरसिंह राव आमचे शेजारचे खासदार. सुधारणा त्यांनी हौसेने केल्या नाहीत. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं, सोनं परदेशी पाठवून पैसे उभे करायची वेळ आली होती. २४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशी बहुतेक उद्योगांचा परवाना रद्द करणारं औद्योगिक धोरण आलं. त्याआधी स्कूटरला नंबर लावायचा, फोनला नंबर लावायचा, आणि नंबर लागला की पेढे वाटायचे. हिंगण्याच्या कारखानदाराला उत्पादन वाढवायचं तर दिल्लीच्या चकरा. रांगेतल्या माणसाला गिऱ्हाईक कोण म्हणेल? तो अर्जदार होता.

वाढीचं महत्त्व मी ठेवीदाराला जसं समजावत असे तसंच तुला समजावतो. ७२ ला दराने भाग, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट. स्वातंत्र्यानंतरची पहिली तीस वर्षं दरडोई उत्पन्न वर्षाला साधारण सव्वा टक्क्याने वाढत होतं; त्या चालीने दुप्पट व्हायला पंचावन्न-साठ वर्षं, म्हणजे एक अख्खी हयात. पाच टक्क्यांनी वाढलं तर चौदा वर्षं. चौदा वर्षांत मूल शाळेत जातं ते कॉलेजात पोचतं. तेंडुलकर समितीच्या मोजणीने दारिद्र्यरेषेखालचे लोक १९९३-९४ मध्ये ४५.३ टक्के होते, २०११-१२ मध्ये २१.९ टक्के. एक वर्षाच्या आतले बालमृत्यू दर हजार जन्मांमागे १९९१ मध्ये ८० होते, २०२० मध्ये २८. हे आकडे ज्याला किरकोळ वाटतात त्याने त्या काळी आदिवासी पाड्यावर एक पावसाळा काढलेला नसतो.

तरी बालमृत्यूचा आकडा वाढीच्या खात्यात जमा करताना माझा हात थोडा अडखळतो, आणि त्याचं कारण गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे गावातल्याच बायकांना शिकवलं: नवजात बाळाचं वजन कसं घ्यायचं, ऊब कशी ठेवायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि घरीच इंजेक्शन कसं द्यायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या काळात गडचिरोली काही श्रीमंत झाली नव्हती. तिथे मोटारींचं शोरूम आलं नव्हतं, आल्या होत्या त्या शिकलेल्या आरोग्यदूत. पुढे तीच पद्धत सरकारने देशभर गावोगावच्या आशा सेविकांकडे सोपवली, आणि तेव्हा मात्र पैसा लागला, जो वाढीच्या करातूनच येतो. म्हणजे वाढ तिजोरी भरते. त्या तिजोरीतून नर्स नेमायची की पुतळा उभारायचा, हे वाढ सांगत नाही.

बाजाराने दिलेल्या सुखाचं नागपुरी उदाहरण विचारशील तर मी कूलर सांगेन. हसू नकोस. मे महिन्यात पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला जातो तेव्हा कूलर हा आमच्याकडे औषधाइतका गरजेचा. मी नोकरीला लागलो तेव्हा कूलर आमच्या मॅनेजरच्या बंगल्यात होता. बाकीचे आम्ही दारावर खसाची ताटी लावून तिच्यावर दर तासाला पाणी मारायचो आणि रात्री गच्चीवर झोपायचो. मग गल्लोगल्ली पत्र्याची बॉडी ठोकणारे कारागीर उभे राहिले. वुडवूल, पंप, पंखा, एवढ्यावर धंदा. त्यांतल्या दोघा-तिघांना मीच कर्ज दिलं. एकाने बॉडीचा पत्रा पातळ केला तर दुसऱ्याने जाड ठेवून भाव तोच ठेवला, तिसऱ्याने जुना कूलर घेऊन नवा द्यायला सुरुवात केली. कोणत्याही पंचवार्षिक योजनेत 'झोपडीत कूलर' असं कलम नव्हतं, पण आज झोपडीत कूलर आहे. उन्हाळ्यात तान्हं मूल आणि म्हातारी आई रात्रभर झोपू शकतात, यापेक्षा सुखाची वेगळी व्याख्या मला तरी करता येत नाही.

पण त्याच कूलरची वायर पकडून मागे मागे गेलीस तर कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांना पोचशील. तिथल्या राखेचं काय? थोडी राख सिमेंटला आणि विटांना जाते, बाकीची आजूबाजूच्या गावांच्या विहिरीत, पिकावर, छातीत. छातीतल्या राखेला गिऱ्हाईक नाही, दुसरं नाही आणि पहिलंही नाही. ही दोन्ही केंद्रं सरकारी आहेत, म्हणून 'हे सगळं खाजगी नफेखोरीमुळे' असं वर्गात कोणी म्हणालं तर त्याला थांबव. राख मालक विचारून उडत नाही. नाग नदी तर आपण सगळ्यांनी मिळून नासवली, त्यात कारखान्यांपेक्षा आपल्याच संडासांचा वाटा मोठा. आणि गंमत बघ, दम्याचा पंप विकला गेला की राष्ट्रीय उत्पन्न वाढतं. ज्या सायमन कुझनेट्सने राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवली, त्यानेच १९३४ मध्ये अमेरिकेच्या संसदेला सांगितलं होतं की या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. नव्वद वर्षं झाली, आपण तेच करतो आहोत.

आता तुझ्या दुसऱ्या गटाचा मुद्दा. त्यावर मी जास्त बोलणार, कारण त्यात मी स्वतः अडकलेलो आहे.

१९९४-९५ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात कापूस पाउंडाला नव्वद सेंटांच्या आसपास होता. २००१-०२ मध्ये तो चाळीस-बेचाळीसच्या घरात आला. त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या पंचवीसेक हजार कापूस उत्पादकांना तीन अब्ज डॉलरहून जास्त अनुदान दिलं. त्यांचा माल स्वस्तात जगभर गेला आणि भाव सगळ्यांचाच पडला. ब्राझीलने या अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि जिंकलाही, पण यवतमाळच्या कास्तकाराची ती वर्षं परत यायची नव्हती. याला 'मोकळा बाजार' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका पहिलवानाला खुराक देऊन दुसऱ्याला उपाशी आखाड्यात उतरवलं होतं.

आपल्या सरकारनेही दार एकाच बाजूने उघडं ठेवलं. भाव पडले की 'जागतिक बाजाराला काय करणार', आणि चढले की दार बंद. २०१०-११ मध्ये कापूस तेजीत होता तेव्हा निर्यातीवर ५५ लाख गाठींची मर्यादा. मार्च २०१२ मध्ये तर निर्यातबंदीच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी काढून टाकलं. सूतगिरणीवाल्याची अडचण खोटी नसेल, पण कास्तकाराला तोटा खुला आणि नफ्याला झाकण, हा हिशोब चाळीस वर्षं मी बघतो आहे.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीच्या फवारण्या घटल्या, देशाचं सरासरी उत्पादन हेक्टरी तीनशे किलो रुईवरून पाचेक वर्षांत पाचशेच्या पुढे गेलं. हे खरं आहे, आणि बीटीला सरसकट शिव्या देणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण तंत्राचा धनी एकच होता, त्यामुळे ४५० ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या वर. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं तेव्हा ती साडेसातशेवर आली. गुजरातेत पाणी होतं, तिथे बीटीने सोनं पिकवलं. आमच्याकडे कोरडवाहू, हलकी जमीन. पाऊस गेला की महाग बियाणं मातीत जायचं. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली.

यात बँक कुठे होती? २००४ च्या मे महिन्यात एक कास्तकार माझ्या टेबलासमोर बसला होता. जुनी थकबाकी अठरा हजार. थकबाकीदाराला नवीन पीककर्ज नाही, नियम. मी नियम दाखवला. तो शांतपणे उठला आणि समोरच्या कृषी केंद्रात गेला. केंद्राचा मालक बियाणं उधार देई, खत उधार देई, घरखर्चाला रोख देई आणि दिवाळीनंतर कापूस स्वतःच घेई, भाव त्याचा, व्याज त्याचं, काटाही त्याचाच. एकाधिकार योजना तोवर संपली होती, पण या माणसासाठी एकाधिकार सुरूच होता. सरकारचा गेला, दुकानदाराचा आला. कागदावर त्याला दहा गिऱ्हाइकं होती, पण ज्याच्या वहीत तुमचं नाव आहे त्याला सोडून नवव्या-दहाव्याकडे जाता येत नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला बाजार मोकळा नसतो. हे मी पुस्तकात नंतर वाचलं, टेबलावर आधी पाहिलं. आणि त्याचं एक दार मीच लावलं होतं.

२००६ च्या जूनअखेर मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, थकीत व्याज माफ झालं, कर्जांची पुनर्रचना झाली. आम्ही रात्री जागून खाती फिरवली. 'थकीत'चं 'नियमित' झालं, वहीत. आत्महत्यांच्या मागे एकच कारण शोधणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. पाऊस, आजारपण, मुलीचं लग्न, दारू, भाऊबंदकी, सगळं असतं. पण ज्या घरी मी गेलो तिथे एक गोष्ट बहुतेक वेळा सारखी होती: शेवटच्या महिन्यांत त्या माणसाला कोणालाच 'नाही' म्हणता येत नव्हतं.

तो अठरा हजारवाला जगला. त्याने तीन एकर विकलं आणि तो बुटीबोरीला एका कारखान्यात चौकीदार झाला. काही वर्षांनी भेटला तेव्हा मी चाचरतच विचारलं, कसं काय? म्हणाला, "पगार टायमावर येते साहेब. झोप लागते. पन अठी मले कोनी ओळखत नाई." त्याचा मुलगा नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरीला आहे. या घराचं कल्याण झालं की नुकसान? तुझ्या दोन्ही गटांना हे एक घर दे आणि मांडू दे हिशोब.

ओळख हरवण्यावरून मिल आठवते. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली. देशात कुठे अशा कायद्याचा पत्ता नव्हता तेव्हा, १८८६ मध्ये, तिथे पेन्शन फंड होता, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. एक भांडवलदार आपणहून हे करू शकतो, हे बाजाराच्या टीकाकारांनी लक्षात ठेवावं. आणि तीच मिल पुढे सरकारी महामंडळाकडे गेली, तोट्यात रुतली आणि २००२ मध्ये बंद पडली, हे सरकारीकरणाच्या भक्तांनी. आता तिथे मॉल आहे. माझा एक खातेदार त्या मिलमध्ये रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, होता. देणी मिळाली, ती त्याने आमच्याकडेच ठेव म्हणून ठेवली, म्हणजे उपासमार नव्हती. तरी दोन वर्षं तो पाळीच्या वेळेला घरून निघून गांधीसागरच्या कठड्यावर बसायचा आणि पाळी सुटायच्या वेळी घरी परतायचा. बेकारीवरच्या अभ्यासांत हे वारंवार दिसलं आहे: नोकरी गेल्याचं दुःख पगार गेल्याच्या दुःखापेक्षा पुष्कळ मोठं असतं. चीनमध्येही तसंच झालं. १९९० नंतर उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं, पण सरकारी कारखान्यांतली जन्मभराची नोकरी आणि तिच्यासोबतचा दवाखाना, घर हे गेलं तेव्हा लोकांचं समाधान आधी खाली आलं आणि नव्या शतकात नोकऱ्या स्थिरावल्यावर हळूहळू वर चढलं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी २०१२ मध्ये ते मांडलं.

हेच ते ईस्टरलिन, ज्यांचा १९७४ चा विरोधाभास तुझ्या अभ्यासक्रमात असेल: एका देशात श्रीमंत गरिबापेक्षा सुखी असतो, पण अख्खा देश श्रीमंत झाला तरी सरासरी सुख फारसं हलत नाही. २००८ मध्ये स्टीव्हन्सन आणि वुल्फर्स यांनी जास्त देशांचे आकडे घेऊन हे खोडून काढल्याचा दावा केला. वाद मिटलेला नाही. मला त्यात फार रस नाही, कारण यामागचं मूळ मला माहीत आहे: शेजारी. लग्नासाठी कर्ज मागायला आलेल्या बापाला मी 'एवढा मंडप कशाला' विचारलं की तो शेजारच्या लग्नाचा आकडा सांगायचा. अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलं की लिननचा सदरा ही काही जगण्याची गरज नाही, ग्रीक-रोमन त्यावाचून सुखात राहिले, पण आता युरोपातल्या मजुराला त्यावाचून चारचौघांत जायची लाज वाटेल. त्या सदऱ्याच्या जागी मोबाइल ठेव. वाढीने लाजेची पट्टी वर सरकते, आणि ज्याचं उत्पन्न जागच्या जागी आहे तो काही न गमावता गरीब होतो.

मोबाइलचीही एक चांगली बाजू सांगतो. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आला तेव्हा कोळी समुद्रातूनच तीन-चार बंदरांचे भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन यांनी मोजलं: मासळी फेकून देणं जवळजवळ थांबलं, कोळ्यांचा नफा आठेक टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला भाव चारेक टक्क्यांनी कमी पडला. दोघांचाही फायदा! काटोलला मी हे संत्र्याच्या बाबतीत पाहिलं. बाग बांधावरच सौद्याने देऊन टाकणारा माणूस खिशातला फोन काढून आधी नागपूरच्या कळमना बाजारातला भाव विचारू लागला आणि सौदा करणाऱ्याचा आवाज खाली आला.

पण दुसरं गिऱ्हाईक नेहमी बाजारातूनच येतं असं समजू नकोस. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. रोहयोचं काम सुरू असलं की गावातला मोठा कास्तकार कुरकुरायचा, "मजूर मिळत नाई." अरे, मिळत नाही म्हणजे तुझ्या भावात मिळत नाही! निंदणाला जाणाऱ्या बाईला सरकार हे दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि तिने पहिल्याला 'जा' म्हटलं होतं. मजुरी वाढली. मग हा बाजारात हस्तक्षेप झाला की बाजार खरा झाला? माझं मत दुसऱ्या बाजूने आहे.

आणि जिथे 'जा' म्हणताच येत नाही, तिथे बाजार सोडून देऊन भागत नाही. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यांत छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोली, आदिलाबादहून ॲम्ब्युलन्स येतात. छातीत कळ आलेला माणूस तीन दवाखान्यांचे भाव विचारत नाही. काय झालंय आणि काय करायला हवं हे विकणाऱ्यालाच माहीत, घेणाऱ्याला नाही. अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये हे नीट मांडलं. माझ्याकडे शेत गहाण टाकायला आलेल्यांपैकी मोठा भाग दवाखान्यामुळे आलेला असायचा. नापिकीतून माणूस एखाद्या वर्षात सावरतो, ऑपरेशनच्या बिलातून दहा वर्षं सावरत नाही. देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला असं सरकारी लेखे सांगतात. सुधारणा मोठी आहे. तरी मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत सकाळी सात वाजता जाऊन उभी राहा, रांग बघ.

एक मुद्दा तुझ्या वादात कोणी काढला नसेल, तो नागपुरात तरी निघायलाच हवा. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावलं होतं. 'पूर्वी गावात सगळे सुखात होते' असं ज्याला वाटतं, त्याने गावात आपली वस्ती कुठे होती ते आधी सांगावं. शहराच्या बाजारात रोख पैशाने माणसाला हॉटेलात बाकावर बसता आलं. उत्तर प्रदेशातल्या दोन तालुक्यांत १९९० ते २००७ या काळातल्या बदलांचा दलित अभ्यासकांनी पुढाकार घेऊन सर्व्हे केला होता. उत्पन्नापेक्षा जास्त बदल त्यांना लग्नाच्या वरातीत, ताटात, आणि गावच्या जमीनदाराच्या बांधावर राबणं सुटण्यात दिसला. पण पैशाने जात धुतली जाते असंही नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न मांडला. मालकाला नफा हवा होता, तरी विटाळ चालला नाही. नफ्याच्या लोभाने माणूस सगळं सोडतो म्हणतात, जात मात्र सोडत नव्हता.

वर्गात काय बोलायचं हे तूच ठरव. मी असतो तर पहिल्या गटाला विचारलं असतं, कोणाला किती गिऱ्हाइकं मिळाली ते दाखवा, आणि दुसऱ्याला विचारलं असतं, बंड्यांची रांग परत हवी आहे का?

येत्या शनिवारी सकाळी पाचला तयार राहा, तुला कळमन्याला नेतो. आंबिया बहाराची संत्री येतायत. बांगलादेशाने आयातशुल्क चढवत नेल्यापासून आमच्या संत्र्याचं एक मोठं गिऱ्हाईक आखडलं आहे, त्याचा परिणाम तुला पुस्तकाशिवाय दिसेल. भावाकडे बघू नकोस. एकेका ढेरीभोवती बोली लावणारे खरोखर किती उभे आहेत आणि त्यांतले किती नुसते एकमेकांकडे बघतायत, ते मोज. वही आण. परतताना तर्री-पोहे खाऊ आणि तू मोजलेले आकडे बघू.